पोलादात आवळलेला आवाज

प्लास्टिकच्या अल्ट्रासॉनिक वेल्डिंगचा विषय निघाला की एक गोष्ट हटकून सांगितली जाते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ब्रॅन्सन इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी होती. तिथल्या प्रयोगशाळेचे व्यवस्थापक रॉबर्ट सोलॉफ पातळ फिल्मच्या कडा अल्ट्रासॉनिक प्रोबने जोडून पिशव्या आणि नळ्या बनवत असत. एकदा प्रोब नकळत चिकटपट्टीच्या प्लास्टिक डिस्पेन्सरजवळ गेला आणि डिस्पेन्सरचे दोन अर्धे भाग एकमेकांना कायमचे जुळले. प्रोब सांध्यावरून फिरवत नेण्याची गरज नाही, एका जागी टेकवला तरी कंपने कडक प्लास्टिकमधून सांध्यापर्यंत पोहोचतात, हे सोलॉफ यांनी ओळखले. त्यातून पहिला अल्ट्रासॉनिक प्रेस तयार झाला, १९६५ मध्ये सोलॉफ आणि सीमोर लिन्स्ली यांना पेटंट मिळाले आणि खेळण्यांच्या धंद्याने हे तंत्र सर्वांत आधी उचलले. गोष्ट रंगतदार आहे. मात्र ती ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष डिस्पेन्सरकडे जाते आणि सोलॉफ यांच्या हातातल्या प्रोबकडे कोणी बघत नाही. प्लास्टिक वितळवण्याइतकी ताकद त्या प्रोबमध्ये कुठून आली, हा प्रश्न विचारला तर इतिहासाचा आरंभ कनेक्टिकटमध्ये न होता पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्समध्ये होतो. आणि त्या इतिहासाचा नायक म्हणून एखादा माणूस किंवा एखादे नवे द्रव्य पुढे करण्यापेक्षा एका जुळणीला मान द्यावा लागतो. दोन धातूंच्या ठोकळ्यांमध्ये ठिसूळ चकत्या दाबून बसवण्याची ती जुळणी आहे.

या यंत्राकडून काय अपेक्षा असते ते आधी पाहू. वेल्डिंगच्या नेहमीच्या यंत्रातला ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेचे कंपनात रूपांतर करणारा भाग, सेकंदाला २०,००० वेळा लांब-आखूड होतो. त्याचे टोक एका टोकाच्या स्थितीपासून दुसरीपर्यंत फार तर २० मायक्रॉन सरकते. एवढीशी हालचाल म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण हिशेब करून पाहिला तर त्या टोकाचे त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १६,००० पट भरते. असा धक्का दर सेकंदाला हजारो वेळा, पाळीमागून पाळी, वर्षानुवर्षे सोसायचा आणि तापायचे मात्र नाही. कंपने निर्माण करणारी द्रव्ये १८८० पासून माहीत होती. त्या वर्षी झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी स्फटिकावर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो हे दाखवले, आणि पुढच्याच वर्षी त्याची उलट बाजू, म्हणजे वीज दिली की स्फटिक आकार बदलतो, हीही सिद्ध झाली. तरीही वेल्डिंगचे यंत्र यायला जवळपास ८० वर्षे लागली. एवढा काळ नेमके काय अडले होते, याचे उत्तर शोधताना माझा भर जुळणीवर का आहे ते स्पष्ट होईल.

१९१५ च्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या कॉन्स्टंटिन शिलोव्स्की या रशियन अभियंत्याने फ्रेंच सरकारला एक योजना पाठवली. पाण्याखाली उच्च वारंवारितेचा आवाज सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून जर्मन पाणबुड्या हुडकायच्या, अशी ती योजना होती. सरकारने ती पिएर क्यूरी यांचे शिष्य पॉल लान्जव्हँ यांच्याकडे सोपवली. पहिले प्रयोग अभ्रकाच्या कपॅसिटरवर झाले, तेही पॅरिसमध्ये सीन नदीच्या पाण्यात. नंतर काम तूलाँच्या नौदल तळावर गेले. १९१७ मध्ये लान्जव्हँ आपल्या गुरूंनी अभ्यासलेल्या क्वार्ट्झ या स्फटिकाकडे वळले. पॅरिसमधल्या एका भिंगे बनवणाऱ्याकडे मोठा स्फटिक होता, त्यातून चकत्या कापून घेतल्या. परिणाम आशादायक होता, पण अडचण लगेच समोर आली. चकती आपल्या जाडीनुसार ठरलेल्या वारंवारितेलाच जोराने कंप पावते, आणि पाण्यात दूरवर जायचे तर वारंवारिता कमी हवी. ४० किलोहर्ट्झसाठी निव्वळ क्वार्ट्झची पाटी करायची तर ती सुमारे ७ सेंटीमीटर जाड लागली असती. एवढे निर्दोष स्फटिक युद्धकाळात कुठून आणायचे? आणि आणले तरी इतक्या जाड पाटीला हलवण्यासाठी लागणारे व्होल्टेज त्या काळच्या यंत्रांना पेलणारे नव्हते.

लान्जव्हँ यांनी काढलेली तोड इतकी सरळ होती की तिची थोरवी चटकन जाणवत नाही. स्फटिक जाड करण्याऐवजी क्वार्ट्झच्या पातळ तुकड्यांचा एक थर मांडायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या जाड पाट्या लावायच्या. आवाजाच्या दृष्टीने हे सगळे सँडविच मिळून एकच शरीर बनते. त्याची एकूण जाडी अर्ध्या तरंगलांबीएवढी असली म्हणजे ते अख्खे एकदम कंप पावते, आणि त्यातला बहुतांश भाग स्वस्त पोलादाचा असतो. मधल्या पातळ थराचे काम फक्त ढकलण्याचे. थर पातळ, म्हणून व्होल्टेजही आटोक्यात. १९१८ मध्ये या साधनाने पाणबुडीचे प्रतिध्वनी मिळू लागले, पण ते युद्धनौकांवर बसवले जाण्याआधीच नोव्हेंबरमध्ये युद्ध संपले. माझ्या मते त्या जुळणीतली खरी मोलाची गोष्ट पाणबुडीशी निगडित नव्हतीच. वीज समजणारे द्रव्य आणि कंपनाचा भार वाहणारे द्रव्य वेगवेगळे असू शकते, हे त्या जुळणीने दाखवून दिले. एका द्रव्यात दोन्ही गुण शोधत बसण्याची सक्ती तिथे संपली. अर्थात लान्जव्हँ यांच्या मनात असला सिद्धांत नव्हता; स्फटिक मिळत नव्हते, म्हणून त्यांनी हा मार्ग काढला.

इथे पहिला आक्षेप येतो. वेल्डिंग उशिरा आले याचे कारण ट्रान्सड्यूसर नसून कंपनाने उष्णता होते ही कल्पनाच कोणाला सुचली नसेल, असे म्हणता येईल. पुरावा याच्या विरुद्ध आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी युद्धकाळात तूलाँला लान्जव्हँ यांचे प्रयोग पाहिले होते. आवाजाच्या झोतात सापडलेले मासे मरत आणि पाण्यात हात घातला तर हाडात कळ उठे, हे त्यांच्या डोक्यातून गेले नाही. पुढे धनाढ्य हौशी संशोधक आल्फ्रेड लूमिस यांच्या टक्सेडो पार्कच्या प्रयोगशाळेत दोघांनी मिळून काम केले आणि १९२७ मध्ये त्यावर लेख छापला. तेलात ठेवलेल्या क्वार्ट्झच्या चकतीला ते ५०,००० व्होल्टपर्यंत विद्युतदाब देत. वीज पुरवायला दोन किलोवॅटचा निर्वात नळ्यांचा ऑसिलेटर असे. चकतीवरचे तेल टेकाडासारखे वर उठे. त्या तेलात काचेची बारीक कांडी बुडवून तिचे दुसरे टोक लाकडाला टेकवले की धूर निघे आणि लाकूड जळून भोक पडे. कांडी चिमटीत धरली तर कातडी भाजे, आणि कांडीला नुसता स्पर्श केला तर ती तशी गरमही लागत नसे. दोन पृष्ठभाग दाबून ठेवले आणि त्यांतला एक थरथरत असला की सगळी उष्णता नेमकी सांध्यावर गोळा होते, हा वेल्डिंगचा गाभा इथे स्पष्ट दिसतो. म्हणजे १९२७ मध्ये परिणाम ठाऊक होता. पण तो दाखवायला एक खोलीभर यंत्रसामग्री, तेलाचे पिंप आणि जिवावर बेतणारे व्होल्टेज लागत होते. कारखान्याच्या टेबलावर बसेल असा उगम नव्हता.

मधल्या काळात चुंबकीय मार्गाने तो उगम मिळाला असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहज झटकण्यासारखे नाही. चुंबकीय क्षेत्रात लोखंडाची लांबी किंचित बदलते हे जेम्स जूल यांनी १८४० च्या दशकातच दाखवले होते. हाच गुण निकेलमध्ये चांगल्यापैकी आढळतो. निकेलच्या पातळ पत्र्यांची थप्पी, तिच्याभोवती तारेचे वेटोळे, असा ट्रान्सड्यूसर दणकट असतो. तो फुटत नाही आणि आपटला तरी त्याला काही होत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने पाणबुड्या शोधण्यासाठी निकेलचे ट्रान्सड्यूसर मोठ्या प्रमाणात वापरले. धातूंच्या अल्ट्रासॉनिक वेल्डिंगचा आरंभही निकेलनेच झाला. पेन्सिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टर इथल्या एरोप्रोजेक्ट्स या कंपनीत बायरन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात दाखवले की धातूचे दोन पत्रे एकमेकांवर दाबून वरचा पत्रा पृष्ठभागाला समांतर थरथरवला, तर ऑक्साइडचा थर घासून निघतो आणि धातू न वितळता जुळतात. १९६० मध्ये त्यांना त्याची पेटंटे मिळाली. म्हणजे सँडविचशिवायही वेल्डिंग झाले, हे मान्यच करावे लागते. पण निकेलची गोम त्याच्या तापण्यात आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पत्र्यांमध्ये भोवरे प्रवाह फिरतात आणि दिलेल्या विजेचा मोठा हिस्सा कंपनाऐवजी उष्णतेत जातो. म्हणून मोठ्या यंत्रांना पाण्याने थंड करावे लागे. काही मोजक्या, महागड्या जोडकामांना हे परवडले; खेळणी आणि बरण्यांची झाकणे जोडणाऱ्या कारखान्याला ते परवडण्यासारखे नव्हते. निकेलने तंत्र सिद्ध केले, ते सर्वदूर पोहोचवणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेर राहिले.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. जुळणीचे एवढे कौतुक कशाला, क्रांती केली ती सिरॅमिकने, असे कोणीही जाणकार म्हणेल. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे खूप आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका, जपान आणि सोव्हिएत रशिया या तीन ठिकाणी वेगवेगळ्या लोकांना बेरियम टायटॅनेटचे विलक्षण विद्युत गुण आढळले. युद्ध संपता संपता लक्षात आले की या सिरॅमिकला तीव्र विद्युत क्षेत्रात ठेवले तर त्यातले विखुरलेले ध्रुव एका दिशेला वळतात आणि ते क्वार्ट्झसारखे वागू लागते. स्फटिक शोधत फिरायची गरज उरली नाही; पूड दाबायची, भट्टीत भाजायची, हवा तो आकार काढायचा. बेरियम टायटॅनेटची कमजोरी तापमानात होती, सुमारे १२० अंश सेल्सिअसला त्याचा गुण नाहीसा होतो, आणि वेल्डिंगच्या कामात तेवढ्यापर्यंत जायला वेळ लागत नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला टोकियोतल्या संशोधकांनी लेड झिर्कोनेट आणि लेड टायटॅनेट यांच्या मिश्रणाचा अभ्यास केला. १९५४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या बर्नार्ड जॅफी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की झिर्कोनियम आणि टायटॅनियम जवळपास निम्मे-निम्मे असताना दाबविद्युत गुण शिगेला पोहोचतो. हेच पीझेडटी. त्याच व्होल्टेजला ते क्वार्ट्झच्या शंभरपटीहून अधिक हलते आणि ३०० अंशांच्या आसपासपर्यंत आपला गुण टिकवते.

तरीसुद्धा पीझेडटी एकट्याने काही वेल्ड करू शकत नाही. ते मातीच्या भांड्याच्या जातीचे आहे: दाबले तर सोसते, ताणले तर तडकते. आणि कंपन म्हणजे अर्धा वेळ दाब, अर्धा वेळ ताण. मोकळ्या चकतीला वेल्डिंगइतक्या जोराने हलवले तर ती फुटणार, मग तिचे विद्युत गुण कितीही उत्तम असोत. हा पेच सोडवला तो लान्जव्हँ यांच्याच मांडणीत एका बोल्टची भर घालून. चकत्यांना मधोमध भोक पाडून त्यांच्या रिंगा केल्या, दोन्ही बाजूंचे धातूचे ठोकळे बोल्टने इतके घट्ट आवळले की रिंगा कायम दाबाखाली राहाव्यात. कंपन सुरू झाले की दाब कमी-जास्त होतो, पण ताणाच्या बाजूला जातच नाही. हे एका माणसाच्या नावावर नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत सोनार आणि कारखानी यंत्रे बनवणाऱ्या अनेक हातांनी ते घडवत नेले. म्हणूनच कदाचित त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. सिरॅमिकने ताकद दिली हे खरे, पण ती ताकद वापरण्याजोगी केली बोल्टने.

या जुळणीचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. रिंगा नेहमी सम संख्येत घेतात, दोन, चार किंवा सहा. शेजारच्या रिंगांची धन बाजू एकमेकींसमोर ठेवून मध्ये तांब्याच्या मिश्रधातूचा किंवा निकेलचा पातळ पत्रा घालतात. वीज त्या पत्र्यांना मिळते. त्यामुळे दोन्ही टोकांचे ठोकळे अर्थिंगला राहतात आणि यंत्राला हात लावणाऱ्याला झटका बसत नाही. मागचा ठोकळा पोलादाचा, पुढचा ॲल्युमिनियमचा किंवा टायटॅनियमचा, कारण दोन्ही बाजूंचा संवेग सारखा राहायचा असल्याने हलकी बाजू अधिक हलते, आणि हालचाल हवी असते ती पुढेच. जिथे दोन पृष्ठभाग टेकतात तिथे त्यांना घासून-घोटून काही मायक्रॉनच्या आत सपाट करतात. एक उंचवटा राहिला तरी सगळा दाब त्याच्यावर येऊन रिंग तडकते. दाब किती? चौरस सेंटीमीटरला ३०० किलोच्या आसपास हा आकडा प्रचारात आहे. ५० मिलिमीटर व्यासाच्या आणि २० मिलिमीटर भोकाच्या रिंगेवर हा भार ५ टनांपर्यंत जातो. कमी दाबले तर पृष्ठभाग सुटतात आणि सांधा तापतो. फार दाबले तर सिरॅमिकचे ध्रुव विस्कटतात. बरे, टॉर्क पाना लावून हा दाब नेमका साधेलच असेही नाही, कारण आट्यांवर तेलाचा एक थेंब जास्त पडला तरी त्याच टॉर्कला बोल्ट अधिक ताणला जातो. म्हणून पत्र्यांना एक मोठा कपॅसिटर जोडून बोल्ट आवळतात आणि त्यावरचे व्होल्टेज बघतात. रिंगा दबल्या की विद्युतभार सोडतात, हा क्यूरी बंधूंचा १८८० चा परिणाम. १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर चार रिंगांचा असा संच पाच-सहा व्होल्ट दाखवतो, आणि तिथे थांबायचे. स्वतःवर किती भार आला ते स्वतःच सांगणारे असे यंत्रभाग फार नाहीत.

बोल्टची निवडही सोपी नाही. तो जाड घेतला तर रिंगांच्या बरोबरीने तोही स्प्रिंगसारखा ताठरपणा दाखवतो आणि विजेचे कंपनात रूपांतर होण्याचे प्रमाण घटते. बारीक घेतला तर लाखो आवर्तनांनंतर थकून तुटतो. रिंगा नेमक्या कुठे बसवायच्या हाही असाच वादाचा मुद्दा. मधल्या निश्चल पातळीवर त्या सर्वाधिक परिणामकारक ठरतात, पण ताणही तिथेच सर्वाधिक असतो, म्हणून कोणी त्यांना जरा मागे सरकवतात. या तडजोडींचे गणित करायला बेल लॅब्जमधल्या वॉरन मेसन यांची पद्धत उपयोगी पडली. दाबविद्युत यंत्रभागाला विजेच्या मंडलासारखे मांडून त्याची लांबी, वस्तुमान, ताठरपणा सगळे प्रेरक-धारकांच्या भाषेत सोडवता येते, हे त्यांनी दाखवले. त्याच मेसन यांनी १९५० च्या सुमारास निमुळता होत जाणारा हॉर्न आणला. ट्रान्सड्यूसरच्या २० मायक्रॉनने कित्येक प्लास्टिके वितळत नाहीत. पुढे निमुळता दांडा जोडला तर कंपनाचा आयाम कित्येक पट वाढवता येतो. बूस्टर आणि हॉर्न हे आजचे जोडभाग त्याच कल्पनेची मुले आहेत. हॉर्नची लांबीही अर्ध्या तरंगलांबीएवढी धरावी लागते, २० किलोहर्ट्झला टायटॅनियममध्ये साधारण १२५ मिलिमीटर. हा आकडा बघितला की लान्जव्हँ यांचा हिशेब अजून चालू आहे हे दिसते.

ट्रान्सड्यूसरला वीज पुरवणाऱ्या विद्युत जनित्राच्या बाजूने बोलणारे इथे थोडे नाराज होतील, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सँडविचचा अनुनाद फार टोकदार असतो. यंत्र गरम झाले, जॉबवर दाब आला, हॉर्न थोडा झिजला, की त्याची वारंवारिता सरकते आणि जनित्र जुन्याच वारंवारितेला वीज देत राहिले तर कंपन ढेपाळते. सरकणारी वारंवारिता आपोआप पकडून आयाम कायम ठेवणारी मंडले आली नसती, तर पीझेडटीचे उत्तम सँडविचही कारखान्यात टिकले नसते. एवढे मान्य करूनही क्रम लक्षात ठेवावा लागतो. जनित्राने सोडवलेला प्रश्न सँडविचच्या चांगलेपणातून जन्मला होता; निम्मी वीज उष्णतेत घालवणाऱ्या ट्रान्सड्यूसरचा अनुनाद एवढा टोकदार नसतोच. युद्धाच्या बाबतीतही असेच सांगता येईल. पाणबुड्यांच्या भीतीने पैसा आणि माणसे आणली यात वाद नाही, पण सोनारला हवा तो आवाज पाण्यात दूर जाणारा, आणि वेल्डिंगला हवी ती हालचाल, एका टोकाशी एकवटलेली. बोल्ट, हलका पुढचा ठोकळा आणि हॉर्न यांचा मेळ घालून हे दुसरे काम शांततेच्या काळातल्या कारखान्यांसाठी करावे लागले.

मग सोलॉफ यांच्या डिस्पेन्सरचे काय करायचे? तो अपघात नाकारण्याचे कारण नाही. पण तसाच अपघात १९२७ मध्ये टक्सेडो पार्कला झाला होता, लाकडाला भोक पडले होते, बोटे भाजली होती, आणि त्यातून उद्योग उभा राहिला नाही. दोन प्रसंगांमधला फरक बघणाऱ्याच्या बुद्धीत शोधणे अन्यायाचे ठरेल. वुड काही कमी चौकस नव्हते. एकाकडे तेलाचे पिंप आणि ५०,००० व्होल्ट होते, दुसऱ्याकडे हातात धरता येणारा प्रोब होता. २०२० मध्ये जगभर मास्कच्या कडांवर आणि कानाच्या नाड्यांजवळ ठिपक्यांच्या ज्या ओळी दिसत होत्या, त्या बहुतेक ठिकाणी अशाच हॉर्नखाली उमटलेल्या होत्या. पॉलिप्रॉपिलीनचे थर सुई-दोरा किंवा गोंद न वापरता काही क्षणांत जोडले जात होते. मोटारींच्या वायरिंगमधले तांब्याच्या तारांचे जोड आणि लिथियम बॅटरीतले पातळ पत्रेही असेच जोडले जातात.

पीझेडटीतले शिसे आता अडचणीचे ठरते आहे. युरोपीय संघाच्या विषारी पदार्थांवरील निर्बंधांत सिरॅमिकमधल्या शिशाला सूट आहे, कारण तितक्या ताकदीचा पर्याय अजून कारखान्यात रुळलेला नाही. जपानमध्ये टोयोटाच्या संशोधन केंद्रातल्या यासुयोशी साइतो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पोटॅशियम, सोडियम आणि नायोबियमवर आधारलेले शिसेविरहित सिरॅमिक ‘नेचर’मध्ये जाहीर केले आणि तेव्हापासून या दिशेने काम जोरात आहे. क्वार्ट्झ, बेरियम टायटॅनेट आणि पीझेडटी यांच्यानंतर हे चौथे द्रव्य ठरेल की नाही, हे त्याच्या विद्युत गुणांइतकेच आणखी एका गोष्टीवर अवलंबून आहे: त्याची रिंग धातूच्या दोन ठोकळ्यांमध्ये पाच टनांखाली आवळली जाऊन महिनोन्महिने ध्रुव टिकवते का.